आठवा डाग

सकाळपासून आभाळ घुम्यासारखं बसून होतं. पाऊस पडेना, ऊन पडेना, वाऱ्याचा तर पत्ताच नाही. अंघोळ करून घातलेला बनियन पाच मिनिटांत पुन्हा पाठीला चिकटला. ज्या हवेत बनियन वाळत नाही, त्या हवेत गालिचा कुठून वाळणार? माझ्या धंद्याला असला दिवस म्हणजे न्हाव्याला टकल्यांचं गाव.

धंदा माझा डागांचा. लोकांनी पाडायचे, मी काढायचे. बावीस वर्षं झाली, घरोघर जाऊन गालिच्यांवरचे डाग काढतोय. स्कूटरच्या पुढच्या जागेत बादली, मागे पेटी, पेटीत बाटल्या, स्पंज आणि पांढरी फडकी. फडकी पांढरीच लागतात, रंगीत फडक्यानं डाग काढायला गेलं तर फडक्याचाच रंग उतरतो. हे मी पहिल्याच वर्षी शिकलो, एका बाईंच्या नव्या गालिच्यावर. त्या बाई अजून मला बघितलं की रस्ता ओलांडतात. आमच्या कोपऱ्यावर एक चावीवाला बसतो, त्यानं माझं नाव डागदर ठेवलं. ज्यांना मी बरं केलं तेही त्याच नावानं हाक मारतात आणि ज्यांचा पेशंट माझ्या हातून गेला तेही.

सकाळची माझी कामं तीन. फडकी वाळली का बघायचं, बाटल्या भरायच्या आणि मिशीला काळं लावायचं. डोक्यावर रंगवण्यासारखं आता काही उरलेलं नाही, सगळी इस्टेट ओठावर आहे. चार वर्षांपूर्वी ती पांढरी व्हायला लागली, तीही एका बाजूनं आधी. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "डागदर, चुना लागलाय का?" त्या दिवसापासून मी काळी कांडी वापरतो. काजळासारखी असते. दोन मिनिटांत मिशी तिशीतली, पाणी लागलं की पुन्हा पंचावन्नची. खरा डाय लावायचा तर अर्धा तास गप्प बसावं लागतं, आणि ते मला आजवर कधी जमलेलं नाही. पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळ त्यातच आहे.

"डाग काढायला निघालात आणि सुरुवात लावण्यापासून!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. रोज म्हणते.

"अगं, गिऱ्हाइकाला विश्वास वाटायला पाहिजे."

"मिशीवर?"

"माणसावर."

"मग माणूस धुवा की आधी."

पहिलं काम एका वकिलाच्या कचेरीत होतं. टेबलाखाली बशीएवढा जांभळा डाग. मी गुडघ्यांवर बसलो आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "काय सांडलं?"

"पाणी," वकीलसाहेब म्हणाले.

"जांभळं?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी त्यांनी खणातून शिक्क्याच्या शाईची रिकामी बाटली काढून मुकाट्यानं माझ्यापुढे ठेवली.

"साहेब, माझ्याशी तरी खरं बोलत जा. मी कुणाला सांगत नाही."

"सवय नाही हो," ते म्हणाले.

आमच्या धंद्यातली पहिली पायरी हीच. डागाला आधी नाव द्यायचं. चहाचं औषध वेगळं, शाईचं वेगळं, तेलाचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला दिलं की डाग कायमचा घरजावई होतो. आणि गालिच्यावर काय सांडलं हे कुणीच खरं सांगत नाही. म्हणून ऐकायचं सगळं, मानायचं काही नाही, आणि स्वतःच्या नाकानं ठरवायचं. नाक माझं चांगलं आहे. घात नेहमी त्याच्या खालच्या अवयवानं होतो.

शाई अर्धी निघाली होती तेवढ्यात फोन वाजला.

"मी बोलतेय," पलीकडून आवाज आला.

माझ्या हातातलं फडकं बादलीत पडलं. ताई होती. माझी सख्खी मोठी बहीण. दोन वर्षांनी तिचा आवाज ऐकत होतो.

"चहा सांडलाय गालिच्यावर. हे तीनच्या गाडीनं येतायत. लगेच ये."

"आलो," म्हणालो आणि पुढचं काही बोलायच्या आत फोन स्वतःच बंद केला. म्हटलं, उगाच काहीतरी बोलायचो.

आता हे दोन वर्षांचं प्रकरण काय ते सांगायलाच हवं. भावोजी निवृत्त झाले तेव्हा ताईच्या घरी पंधरा-वीस माणसं जमली होती. ताई स्वतः शाळेत मुख्याध्यापिका होती. तिच्या शाळेत वहीवर शाईचा ठिपका पडला तर पोरं पान गिळून टाकायची म्हणतात. तर त्या दिवशी तिच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका, भावोजींचे साहेब, सगळे हॉलमध्ये बसलेले. ताईनं कौतुकानं सांगितलं, "हा माझा धाकटा. गालिच्यांतलं याला फार कळतं." झालं. मला कळतंय हे सगळ्यांना कळायला नको का? मी दारापासून खिडकीपर्यंत चालत गेलो आणि बोट दाखवत मोजले. "हा औषधाचा. हा नेलपॉलिशचा. हा खडूचा, हा तेलाचा, हा चहाचा आणि हे दोन बेवारस. ताई, तुझ्या गालिच्यावर सात डाग आहेत!"

मला वाटलं, लोक टाळ्या वाजवतील.

शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यात ती मदत होती. पण भावोजींच्या साहेबांनी आपले पाय हळूच उचलून घेतले, एक शिक्षिका खाली बघून हसली, आणि ताईच्या तोंडावरचं हसू जे गेलं ते गेलंच. त्या दिवसापासून अबोला. काही निरोप असला तर माझ्या बायकोला फोन यायचा. "त्याला सांग, आईच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे." मी शेजारीच बसलेलो असायचो. बायको मला सांगायची, मी बायकोला सांगायचो, बायको तिला सांगायची. आमच्या घरात एवढी कामं बायकोला कधी नव्हती. जग उलटंपालटं झालं तरी चालेल, पण तो आवाज एकदा थेट माझ्या कानात पडावा, एवढंच दोन वर्षं वाटत होतं. आज पडला होता. आता फक्त मी तोंड उघडायचं नव्हतं.

वकीलसाहेबांना म्हणालो, "उरलेलं पाणी उद्या काढतो," आणि स्कूटरला किक मारली.

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर. पेटी आणि बादली घेऊन चढेपर्यंत मी नखशिखांत भिजलो. दार तिनं अर्धंच उघडलं. अंगात जुना गाऊन, डोक्याला जाडजूड टॉवेल घट्ट गुंडाळलेला.

"सर्दी झालीय," मी न विचारताच ती म्हणाली.

"बरं."

"वाफ घेतली आत्ताच."

"बरं."

ती माझ्याकडे संशयानं बघायला लागली. दोन वेळा नुसतं बरं म्हणणारा भाऊ तिनं जन्मात पाहिला नव्हता.

गालिचा तोच. लोकरीचा, सायीच्या रंगाचा, कडेनं निळ्या वेली. भावोजींचा त्याच्यावर भारी जीव. रविवारी त्याच्या झालरीला कंगव्यानं भांग पाडतात, हे मी स्वतः पाहिलंय. खिडकीजवळ एक स्टूल, त्यावर पालथा ठेवलेला छोटा आरसा, खाली घाईघाईनं गोळा केलेला कागद. आणि स्टुलाच्या पायाशी तळहाताएवढा डाग. मधे तपकिरी, कडेला जांभळट.

मी वाकलो. नाकानं एका क्षणात निकाल दिला. त्या झणझणीत वासाचं खोकं चावीवाल्याच्या शेजारच्या दुकानात पहिल्याच फळीवर असतं. केसांचा डाय.

"चहा," ताई वरून म्हणाली.

माझी जीभ टाळ्याला लागलीच होती. पण मला ते पंधरा-वीस जण आठवले, साहेबांचे उचललेले पाय आठवले. मी जीभ परत जागेवर ठेवली.

"चहाच," मी म्हणालो. "दुधाचा की कोरा?"

"कोरा."

ताई जन्मात कोरा चहा प्यायली नव्हती.

आता खरं तर घाई करायला हवी होती. डाय ताजा असेपर्यंतच ऐकतो. थंड पाणी, साबण, मग स्पिरिट, आणि शेवटी पेटीतली ती छोटी काळी बाटली, जिच्यातलं औषध थेंब थेंब टाकायचं कारण ते डागाचा रंग खातं आणि हात चुकला तर गालिच्याचाही खातं. पण ती बाटली बाहेर काढणं म्हणजे ताईला तोंडावर खोटं पाडणं. ती बाटली चहाला लागत नाही हे तिलाही माहीत, मीच तिला कधीतरी तासभर ऐकवलं होतं. तेव्हा मी काय केलं? बावीस वर्षांचा अनुभव गुंडाळून ठेवला आणि कोमट पाण्यात व्हिनेगर घालून डायला चहाचं औषध दिलं. मुख्याध्यापिकेपुढे चुकीचं उत्तर ठसठशीत अक्षरात लिहावं तसं.

टिपत राहिलो. टिपायचं असतं, घासायचं नसतं. फडकं जांभळं निघालं. मी ते पटकन घडी घालून मांडीखाली दडवलं. दुसरं घेतलं, तेही जांभळं. आणि डायचं एक असतं, तो जितका वेळ जाईल तितका काळा होत जातो. केसांवरही आणि लोकरीवरही. दहा मिनिटांत तपकिरीचा काळपट झाला, पंधरा मिनिटांत काळा. माझ्या डोळ्यांदेखत चहा करपत चालला होता.

"वाढतोय का रे?" ताईनं विचारलं.

"उमलतोय. चहा निघायच्या आधी असा उमलतो."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदाच उच्चारत होतो. देव करो आणि माझ्या कुठल्या गिऱ्हाइकाच्या कानावर न जावो.

तिकडे तिचीही अवस्था बघवत नव्हती. तिनं दोनदा टॉवेलवरून डोकं चोळलं. मग फूटपट्टी घेतली आणि टॉवेलच्या आत घालून खाजवलं. डोक्यात तो डाय तसाच होता आणि धुवायला जावं तर माझ्यापुढे कबुली. ती जाईना, मी बोलेना. आम्ही दोघं सख्खी भावंडं, एकाच आईचा हट्ट दोघांत वाटलेला.

"खाजतंय का?"

"नाही. थंडी वाजतेय."

त्या उकाड्यात माझ्या भुवयांवरून धारा लागल्या होत्या. खिडकी बंद, पंखा बंद, सर्दी झालीय ना तिला. मी आणखी वाकलो. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, असं आई आम्हाला टोचून म्हणायची. मी अगदी नाक टेकेपर्यंत वाकलेला होतो. एक घामाचा ओघळ गालावरून निघाला, मिशीत शिरला, टोकाशी थांबला आणि—

टप्.

सायीच्या रंगावर मसुराएवढा काळा थेंब. डागापासून चांगला वीतभर लांब. मी त्याच्याकडे बघतोय तोवर शेजारी दुसरा. टप्.

मग वरून मुख्याध्यापिकेचा आवाज आला, जसा परीक्षेत कॉपी सापडल्यावर यायचा.

"आता हा कुठला चहा रे?"

मी मान वर केली. मिशीचा अर्धा रंग हनुवटीवर आला असणार.

"कोरा," मी म्हणालो.

ताई एक क्षण माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या नाकातून एक आवाज आला. मग खांदे हलले. आणि मग ती अशी हसत सुटली, की स्टुलावर बसली, टॉवेल सुटला, आणि आतला सगळा काळा चिखल दिसायला लागला. भांगाची रेघसुद्धा त्यात बुडालेली. मी पण गालिच्यावर फतकल मारून हसायला लागलो. हसताना तिसरा थेंब पडला.

"ऊठ मेल्या, लांब हो, माझा गालिचा!" असं म्हणत ती न्हाणीघराकडे धावली.

तिथून पुढं मात्र मी खरं काम केलं. काळी बाटली काढली, स्पिरिट काढलं, पंखा लावला, खिडकी उघडली. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज, त्यावरून तिची हाक.

"किती वेळ झाला असेल रे लावून?"

"तास होत आला!"

"टाळू पेटलीय नुसती! तुला दिसत होतं ना? मग आधी का नाही बोललास?"

"मागच्या वेळी बोललो होतो!"

नळ बंद झाला. माझ्या हातातलं फडकं थांबलं. म्हटलं, झालं, गेली पुन्हा दोन वर्षं. मिशी धुतली तरी जीभ काही धुतली जात नाही माझी.

ती बाहेर आली ती केस पुसत. समोर स्टुलावर बसली. केस असे काळे की कोळशानं मान खाली घालावी.

"ते दोन बेवारस," ती म्हणाली, "त्यातला एक तुझा होता."

"माझा?"

"दाराजवळचा. तू ही पेटी आणून ठेवली होतीस, स्कूटरवरून काढून. बूड तेलकट. मी तेव्हाच बघितलं, पण बोलले नाही. म्हटलं, आलाय बिचारा दमून. आणि तूच सगळ्यांपुढे बोट दाखवून मोजलास."

मी पेटी उचलून बूड बघितलं. तेलकटच होतं. बावीस वर्षं मी लोकांच्या घरी डाग काढायला जातोय आणि पेटी ठेवीन तिथं एक लावून येतोय. किती घरं असतील, मोजायची हिंमत झाली नाही. मोजणं हा विषयच मला धार्जिणा नाही. पेटीखाली मुकाट्यानं एक फडकं अंथरलं.

"चुकलं, ताई," मी म्हणालो.

"माझंही," ती म्हणाली. मग ओल्या केसांना पुन्हा टॉवेल लावत, "यांना काय सांगू रे? पंधरा वर्षं हा माणूस भेटेल त्याला सांगतोय, हिचा एक केस पांढरा नाही, आमच्या घरात सुखात आहे म्हणून. परवा दूधवाल्याला सांगत होते. आता त्यांना कसं सांगू, की तुमचं सुख मी महिन्यातून एकदा खोक्यातून काढते?"

मी फडकं उचललं आणि पुन्हा गालिच्यावर वाकलो.

माझे तीन थेंब दोन मिनिटांत निघाले. माझा रंग कांडीचा, वरवरचा, त्याच्यात मुळातच काही दम नव्हता. तिचा मात्र हटेना. थेंब टाक, टिप, पाणी मार, टिप. अडीच वाजले तेव्हा काळा जाऊन तपकिरी झाला, पावणेतीनला फिका तपकिरी, आणि तिथं अडला. आणखी एक थेंब टाकला असता तर लोकरच पांढरी पडली असती. मी फडकं खाली ठेवलं. दोघंही वाकून बघायला लागलो.

"ताई, याच्यापुढे नाही जायचा."

"पण हा तर..." ती म्हणाली.

"हो ना."

हुबेहूब चहा. दुधाचा.

सव्वातीनला भावोजी आले. हातात पिशवी, खांद्यावर छत्री, दारातच थबकले.

"अरे, डागदर! सूर्य आज कुठल्या बाजूला उगवला म्हणायचा?" मग त्यांची नजर गालिच्यावर गेली आणि पिशवी हातातून खाली आली. "हे काय सांडलं?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. नवऱ्याच्या तोंडी परीक्षेत मुख्याध्यापिकेला खोटं उत्तर देता येत नव्हतं.

"चहा," मी म्हणालो. "माझ्या हातून, भावोजी."

भावोजी गुडघ्यावर हात टेकवून वाकले. बारकाईनं बघितलं. "चहाच," म्हणाले. मग उठता उठता माझ्या तोंडाकडे बघितलं. एका बाजूनं पांढरी, एका बाजूनं राखाडी, मधे ओघळ. "आणि मिशी?"

"तीही माझ्याच हातून."

"दुसऱ्याचे सात मोजतोस आणि आठवा स्वतः सांडतोस होय? चांगलाय की धंदा!" ते मनापासून खूश झाले. मग खुर्चीत बसत म्हणाले, "म्हातारा झालास तू. हिच्याकडे बघ. तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण आहे का एक तरी केस पांढरा?" थांबून त्यांनी डोळे बारीक केले. "आज तर जरा जास्तच काळे दिसतायत."

"सर्दीनं," मी म्हणालो.

ताई झटकन स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जास्तच वाजली. भावोजी वर्तमानपत्र उघडून बसले. ते वाचत होते की त्याच्याआड हसत होते, ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी विचारणारही नाही.

मी पेटी भरली. ताई दारापर्यंत आली.

"रविवारी ये," ती म्हणाली. थेट मला म्हणाली, बायकोमार्फत नाही. "जेवायलाच ये दोघं. आणि पेटी आण. बाकीचे काढून टाक."

"सातच्या सात..." मी सुरुवात केली.

"मोजायचे नाहीत. नुसते काढायचे."

"बरं," मी म्हणालो आणि तोंड बंद ठेवूनच जिना उतरलो.

खाली इमारतीच्या मागं नळ आहे. बादली रिकामी केली, तोंडावर चार हबके मारले, मिशी धुऊन टाकली. मग फडकी काढली. जांभळी झालेली एकीकडे, काळी एकीकडे, वकिलांच्या शाईची एकीकडे. आभाळ अजून तसंच घुम्यासारखं बसलेलं होतं, वाळायचं काही नाव नव्हतं. तरी एकेक फडकं साबण लावून चोळलं, पिळलं, झटकून स्कूटरच्या हँडलवर टाकलं. चार झाली. उरलेली बादलीत बुडवली आणि पेटी पालथी करून तिच्या बुडाला साबण लावायला बसलो.